नजर आधी कुठे गेली?

हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीत फोटो पुढे सरकवला की पहिले शब्द ठरलेले असतात. अप्रतिम. कडक. एक नंबर. काय टिपलंय! हे शब्द मनापासून आलेले असतात आणि ऐकायला बरेही वाटतात. आपलं काम कुणीतरी थांबून पाहिलं, एवढ्यानेही हुरूप येतो. पण पुढच्या वेळी कॅमेरा डोळ्याला लावताना त्या 'एक नंबर'चा काही उपयोग होत नाही. "डावीकडचा माणूस निम्माच आलाय, एक तर तो पूर्ण हवा होता किंवा अजिबात नको होता," हे वाक्य मात्र पुढे कित्येक महिने कामी येतं. फ्रेमच्या कडांकडे बघायची सवय मला अशाच एका वाक्याने लागली.

आपण फोटो दुसऱ्याला का दाखवतो, याचा मी बराच विचार केला आहे. कौतुक हवं असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठं कारण असं की आपला फोटो आपल्याला नीट दिसतच नाही. तो काढताना आपण तिथे होतो. वारा होता, पाय दुखत होते, ढग सरकायची वाट बघत ताटकळलो होतो. ते सगळं आपल्याला फोटोत दिसत राहतं, आणि कागदावर त्यातलं काहीच उतरलेलं नसतं. बघणाऱ्यापुढे असतो फक्त कागद किंवा पडदा. म्हणून तो जे बघतो तेच खरं तर फोटोत आहे.

गॅरी विनोग्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराला ही अडचण पुरती कळली होती. रस्त्यावर अखंड फोटो काढणारा हा माणूस काढलेले रोल मुद्दाम तसेच पडून राहू द्यायचा. फोटो काढतानाचा आनंद विसरला जावा आणि निगेटिव्ह, म्हणजे उजेड-काळोख उलटे उमटलेली मूळ फिल्म, परक्याच्या नजरेने बघता यावी, म्हणून वर्ष-वर्ष धुवायचा नाही. १९८४ साली तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल नुसते काढून ठेवलेले, न धुतलेले होते. एवढी वाट बघणं सगळ्यांना जमणार नाही. आपल्याला परकी नजर हवी असते आणि ती उसनी मिळते ती मित्रांकडून.

फिल्मवर काम करणाऱ्याला ही वाट थोडीफार आपोआपच बघावी लागते. छत्तीस फोटोंचा रोल संपायचा, मग धुवायचा, वाळवायचा, मग प्रिंट किंवा स्कॅन. तोवर बाजूला उभं राहून बघण्याइतकं अंतर पडलेलं असतं. पण त्याच अंतरात तपशीलही विसरले जातात. लेन्सचं छिद्र किती उघडं होतं, शटर किती वेळ, फिल्टर लावला होता की नाही? म्हणून फिल्मवाल्यांच्या खिशात छोटी वही असते. ही सवय फार जुनी आहे. १८५५ साली इंग्लंडमधल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका क्लबाने सभासदांच्या चित्रांचा अल्बम काढला होता, त्यात चित्राबरोबर ते कसं काढलं याचा तपशीलही दिलेला असे. म्हणजे एकमेकांना चित्रं दाखवायची आणि कृतीसुद्धा सांगायची, ही देवाणघेवाण छायाचित्रणाच्या बालपणापासूनच चालत आली आहे.

डिजिटलमध्ये वहीचं काम फाईलच करते. पण तिथे अडचण उलटी. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि तो बघायला टीव्ही जोडावा लागायचा. आज शटर दाबल्यावर मान खाली घालायचा अवकाश, फोटो समोर असतो. समोरचं दृश्य अजून संपलेलं नसतं आणि आपण मागच्या पडद्यावर आधीचं दृश्य तपासत असतो. अर्ध्या तासात तो फोटो मित्रांपर्यंत पोचलेला असतो. आपण अजून त्या जागेतून बाहेर आलेलो नसतो, म्हणून त्या वेळी आलेली प्रतिक्रिया नीट पचत नाही. खोट दाखवली की ती दृश्यावरच टीका वाटते. माझा स्वतःपुरता नियम असा आहे की डिजिटल फोटोही काही आठवडे पडू द्यायचे. कार्ड रिकामं करून घ्यायचं, पण फोल्डर उघडायचं नाही.

आता एका फोटोविषयी सविस्तर सांगतो, कारण अभिप्राय म्हणजे काय हे मला त्या फोटोवर झालेल्या चर्चेतून उलगडलं.

आमच्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या आजीचा फोटो आणला होता. कृष्णधवल, एचपी फाइव्ह फिल्मवर काढलेला. आजी खिडकीजवळ बसून सुईत दोरा ओवते आहे. चष्मा नाकावर घसरलेला, सुई डोळ्यांच्या रेषेत धरलेली, दोऱ्याचं टोक सुईपासून केसभर लांब. मागे खिडकी, पांढरीशुभ्र.

"खिडकी ओव्हर झालीये," एकजण लगेच म्हणाला, म्हणजे तिथे उजेड जास्त होऊन तपशील गेला आहे. दुसऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याने क्रॉप सुचवला, उजवीकडून थोडं कापलं तर खिडकी कमी होईल. मैत्रीण खिडकी का ठेवली ते समजावून सांगायला लागली, तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनी तिला हाताने थांबवलं.

"तू आत्ता काही बोलू नकोस. आणि तुम्ही दुरुस्त्या सांगू नका. प्रत्येकाने एवढंच सांगा, नजर आधी कुठे गेली आणि तिथून कुठे?"

मग एकेकाने सांगितलं. बहुतेकांची नजर आधी खिडकीवर, तिथून चष्म्याच्या काडीवर चमकलेल्या ठिपक्यावर, तिथून सुईवर आणि पुन्हा खिडकीवर. एकाची आधी दोऱ्यावर गेली होती, पण तीही शेवटी खिडकीपाशीच पोचली. सगळ्यांचं झाल्यावर काकांनी तिला विचारलं, "आता सांग, तू काय बघितलं होतंस?"

"ओठ," ती म्हणाली. "सुई ओवताना ती ओठ असे आवळून धरते. मी ते काढायला गेले होते."

आम्ही सगळ्यांनी फोटो पुन्हा पाहिला. ओठ होते, आवळलेले होते, अगदी तिने सांगितले तसे. आणि आमच्यापैकी एकाचीही नजर तिथे गेली नव्हती. खिडकीचा उजेड चेहऱ्याच्या वरच्या भागावर पडत होता, हनुवटी आणि तोंड सावलीत होतं, आणि प्रिंटवर ती सावली जवळजवळ काळी झाली होती. खिडकी ओव्हर झाली आहे हे वाक्य खोटं नव्हतं. पण ती ओठांपर्यंत जाऊ देत नाही, हा तिचा खरा दोष होता, आणि ओठ हा या फोटोचा विषय आहे हे ठाऊक असल्याशिवाय तो दोष कुणालाच सांगता आला नसता. उजवीकडून कापायची सूचनाही निकामी ठरली असती, कारण त्या बाजूला आजीचा सुई धरलेला हात होता.

पुढच्या भेटीला ती निगेटिव्ह घेऊन आली. लाइटबॉक्सवर ठेवून भिंगातून पाहिली तर खिडकीच्या त्या गडद चौकोनात पडद्याची वीण स्पष्ट दिसत होती! प्रिंटमध्ये जे सपाट पांढरं होतं, तिथे निगेटिव्हमध्ये सगळं शाबूत होतं. आणि तोंडाजवळचा भाग पातळ असला तरी पार कोरा नव्हता. काकांनी तिला डार्करूममध्ये उभं करून तिच्याकडूनच नवा प्रिंट करून घेतला. तोंडावर थोडा वेळ उजेड अडवून धरायचा, म्हणजे तो भाग उजळ राहतो. मग बाकीचा कागद झाकून खिडकीला जास्तीचा उजेड द्यायचा, म्हणजे ती दबते. तिसऱ्या-चौथ्या कागदाला ओठ वर आले. खिडकी आता नुसती खिडकी राहिली, तिला पडदा होता, आणि नजर तिथे घुटमळत नव्हती.

हे बघून आमच्यातल्या एकाने तशाच उजेडात डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढून आणला. चेहरा नीट यावा म्हणून एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड, वाढवलं होतं. आम्ही त्याला तोच सल्ला दिला, खिडकी खाली आण. त्याने सॉफ्टवेअरमध्ये खिडकी खाली आणली आणि ती पांढऱ्याची राखाडी झाली. पडदा आला नाही, कारण फाईलमध्ये पडदा नव्हताच.

फिल्म आणि डिजिटल यांच्यावर चालणाऱ्या वादात मला जर कशात खरा रस असेल तर तो इथे आहे. दोन्हींची नुकसान होण्याची जागा वेगळी आहे. निगेटिव्हवर उजेड जसजसा जास्त पडेल तसतशी चांदी दाट होत जाते, पण एका मर्यादेनंतर दाट होण्याचा वेग हळूहळू मंदावतो. म्हणून खूप उजेड झालेल्या भागातही काही ना काही फरक शिल्लक राहतो आणि तो प्रिंटमध्ये ओढून काढता येतो. सावलीत मात्र पुरेसा उजेड पोचलाच नाही, तर तिथली फिल्म कोरी राहते आणि कोऱ्या फिल्ममधून काही निघत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असणाऱ्या सेन्सरचं नेमकं उलटं. त्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक भांडं समजा. उजेड त्यात सरळ हिशेबाने भरत जातो आणि काठोकाठ भरला की पुढचा वाया. सगळी भांडी भरली की सगळी सारखीच, त्यांत फरक उरत नाही, म्हणजे तपशील उरत नाही. उलट सावलीतल्या जवळजवळ रिकाम्या भांड्यांतूनही रॉ फाईल (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाईल) असेल तर बरंच काही वर काढता येतं, थोडा नॉइज, म्हणजे ठिपक्यांची खरखर, पत्करून.

"सावलीसाठी एक्सपोज करा, उजेडासाठी डेव्हलप करा," ही फिल्मवाल्यांची जुनी शिकवण यातूनच आली. डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनात, वेळ कमी-जास्त केला की निगेटिव्हचे दाट भाग खूप बदलतात, पातळ भाग फारसे बदलत नाहीत. १९४०च्या सुमाराला अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा आधीच ठरवून एक्सपोजर आणि धुण्याचा वेळ बेतायची पद्धत, बसवली ती याच गोष्टीवर. डिजिटलवाल्याने तीच शिकवण तंतोतंत पाळली तर त्याची खिडकी जाणार. त्याने आधी खिडकी सांभाळायची, हिस्टोग्राम (फोटोतल्या काळोख-उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीवर, म्हणजे उजेडाच्या टोकावर, आपटू द्यायचा नाही, आणि चेहरा नंतर उचलायचा. आणि फिल्ममध्येही सगळं एकसारखं नाही. स्लाइड फिल्म, जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र उमटतं, ती उजेडाच्या बाबतीत डिजिटलसारखीच कडक, जरा जास्त झालं की गेलं. म्हणून अभिप्राय देण्याआधी मी विचारतो, कशावर काढलाय? एकाला तारणारा सल्ला दुसऱ्याला बुडवतो.

ग्रेन आणि नॉइज यांचंही तसंच. ग्रेन म्हणजे फिल्मवरच्या चांदीचे पुंजके, रंगीत फिल्ममध्ये चांदी निघून गेल्यावर मागे राहिलेले रंगाचे डाग. आकाश किंवा गाल यांसारख्या मध्यम छटांत तो जास्त जाणवतो. नॉइज सावलीत साचतो, कारण तिथे मुळात उजेडच कमी असतो. हे माहीत असलं की "जरा दाणेदार आलाय" यापेक्षा नेमकं काहीतरी सांगता येतं.

फिल्म अस्सल आणि डिजिटल नक्कल, किंवा फिल्म म्हणजे जुनी हौस, या वादात मला पडायचं नाही. आज बहुतेक फिल्म स्कॅन होऊनच लोकांसमोर येते, म्हणजे शेवटी ती डिजिटलच होते. यातली एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. स्कॅनर स्वतःच्या मनाने रंग आणि उजेड सावरतो. कुणी मुद्दाम संध्याकाळ काळोखी ठेवलेली असते, स्कॅनर ती उजळून दुपार करतो. मग मंडळी फोटो काढणाऱ्याला सांगतात, मूड नाही आला, सावल्या हिरवट आहेत, ग्रेन फार आहे. ही सगळी टीका खरं तर स्कॅनवर झालेली असते. अशा वेळी निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहिली की दोन मिनिटांत कळतं दोष कुणाचा. फिल्मवाल्या मित्रांना माझं कळकळीचं सांगणं आहे की प्रतिक्रिया मागताना निगेटिव्ह जवळ ठेवा. ती उजेडासमोर धरून मोबाइलने काढलेला तिचा फोटोसुद्धा चालेल.

नियमांविषयीही थोडं. फ्रेमचे तीन भाग करा, विषय रेषांच्या छेदावर ठेवा, हे सगळ्यांना पाठ असतं. अभिप्राय सुचत नसला की हा नियम सुचतो. छायाचित्रणाचा शोध लागायच्या आधी, १७९७ साली, जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज कलावंताने निसर्गचित्रांच्या संदर्भात तो लिहून ठेवला होता, तोही उजेड-काळोखाच्या प्रमाणावरून निघालेला. नवशिक्याला विषय मधोमध ठोकायच्या सवयीतून सोडवायला तो चांगला आहे. त्यापुढे तो बघायचे कष्ट वाचवतो, आणि अभिप्राय देणाऱ्याने बघायचे कष्ट वाचवू नयेत. क्षितिज तिरकं आहे हेही तसंच. तिरकं आहे हे काढणाऱ्यालाही दिसतंय. त्या तिरकेपणाने तुम्हाला काय झालं ते सांगा. तोल गेल्यासारखं वाटलं का? की काही वाटलंच नाही?

सगळे अभिप्राय मानायचे असतात असंही नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी काढलेली माणसांची चित्रं मऊ, किंचित धूसर असायची. काचेवर डाग, ओरखडे, बोटांचे ठसे. त्या काळच्या छायाचित्रणाच्या जाणकारांनी त्यावर कडक टीका केली, हे फोकसच नाही म्हणाले. टीका तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. बाईंनी ती ऐकली आणि आपल्या धूसरपणावर ठाम राहिल्या. त्यांना चेहऱ्यात जे हवं होतं ते त्यांना तिथेच मिळत होतं, लेन्स पुढे फिरवून फोकस कडक केला की ते निघून जात होतं. हे मला फार मोलाचं वाटतं. दोष आणि निवड बाहेरून सारखेच दिसतात. काढणाऱ्याला मात्र त्यातला फरक ठाऊक असायला हवा, आणि तो ठाऊक आहे की नाही हे टीका झाल्यावरच त्याचं त्याला कळतं.

आणि व्हिव्हियन मायर? शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या या बाईने आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढले. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह. कुणाला दाखवल्याच नाहीत म्हणावं इतकं कमी लोकांनी त्या पाहिल्या. २००७ साली गोदामाचं भाडं थकलं म्हणून तिचं सामान लिलावात गेलं, तेव्हा ते फोटो बाहेर आले. २००९ साली ती गेली. तिचे फोटो पाहिले की माझी ही सगळी मांडणी डळमळते. अभिप्रायाशिवाय, कुणाच्या उसन्या नजरेशिवाय, इतकं उत्तम काम होऊ शकतं तर! तिची नजर मुळातच परकी होती का? ती प्रत्येक घरात पाहुणी होती, हे त्याचं कारण असेल का? मला उत्तर सापडलेलं नाही. पण तिने शेकडो रोल धुतलेसुद्धा नव्हते, हे कळल्यावर हळहळ वाटते. त्यातली किती चित्रं तिने स्वतः कधीच पाहिली नाहीत.

अलीकडे मी फोटोसोबत आणखी एक गोष्ट मागायला लागलो आहे. आधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम. फिल्मच्या जमान्यात ते कॉन्टॅक्ट शीटवर आपोआप व्हायचं. सगळा रोल एका कागदावर, निवडलेला आणि न निवडलेला. त्यात माणूस कसा बघतो ते दिसतं. कुणी एक फ्रेम काढून निघून जातो, कुणी तिथेच थांबून पाऊलभर डावीकडे सरकतो, कुणी कॅमेरा उभा करून बघतो. डिजिटलमध्ये हे झाकलं जातं, लोक निवडलेला एकच दाखवतात आणि बाकीचे तर पुसूनच टाकतात. निवडलेल्या एका फोटोवर बोलता येतं ते त्या फोटोपुरतंच. शेजारच्या पाच-सहा फ्रेम दिसल्या तर त्या माणसाच्या सवयींवर बोलता येतं.

परवा एकाने पावसातल्या बसथांब्याचा फोटो दाखवला. छत्र्यांची रांग, सगळे रस्त्याकडे बघताहेत. नीटनेटका, तोललेला. मी शेजारच्या फ्रेम मागितल्या. त्याने जराशी कुरकुर करत काढून दाखवल्या. त्यातल्या चौथ्या फ्रेममध्ये बस आलेली आहे, रांग मोडली आहे, छत्र्या एकमेकींत अडकल्या आहेत, आणि एक बाई बसकडे न बघता थेट कॅमेऱ्याकडे बघते आहे. फोकस तिच्या खांद्यामागे गेलाय, बसचा आरसा कडेला कापला गेलाय.

मी म्हटलं, हा ठेव. तो म्हणाला, अरे, फोकस बघ ना. काका म्हणाले, पहिल्यात माझी नजर एका छत्रीवरून दुसऱ्या छत्रीवर गेली आणि बाहेर पडली. यात ती त्या बाईवरून हलायला तयार नाही. त्याला अजून पटलेलं नाही, आणि फोकसबद्दल त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मलाही म्हणवत नाही. दोन्ही फ्रेम सारख्या आकारात प्रिंट करून पुढच्या बैठकीत शेजारी-शेजारी लावायचं ठरलं आहे, कोणता कोणी निवडला हे न सांगता.